पाच लोकेशन नकोत, एक सकाळ द्या

परवा रात्री एका मुलीचा मेसेज आला. लग्नाला आठ महिने झालेत, दोघं नाशिकहून देवदर्शनाला कोल्हापूरला येणार आहेत, दोन दिवस मुक्काम आहे आणि त्यातला एक दिवस दोघांच्या फोटोशूटसाठी ठेवलाय. सोबत यादी होती. पंचगंगा घाट, न्यू पॅलेस, जोतिबा, पन्हाळा आणि संध्याकाळी रंकाळा. खाली प्रश्न: "दादा, एका दिवसात एवढी लोकेशन होतील ना?"

होतात. गाडी असली की सगळं होतं. पण करू नका, असं मी तिला फोन करून सांगितलं. एक जागा घ्या, सकाळचे दीड-दोन तास द्या, उरलेला दिवस कोल्हापूर बघा, पोटभर जेवा, दुपारी झोप काढा. ती जरा नाराज झाली असावी. म्हणून जे फोनवर नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितोय, कारण हा प्रश्न मला वर्षभर येत असतो. पाच जागांच्या पॅकेजचे पैसे जास्त मिळतात हे मलाही कळतं. तरी गेली काही वर्षं मी ते पॅकेज घेत नाही.

आमच्या घरात फोटोचा धंदा वडिलांपासून. महाद्वार रोडच्या एका बोळात, माडीवर त्यांचा स्टुडिओ होता. महाराष्ट्रभरातून नवी जोडपी अंबाबाईची ओटी भरायला आणि जोतिबाला गुलाल-खोबरं उधळायला कोल्हापूरला येतात, तेव्हाही यायची. आधी डोंगर, मग देवीचं दर्शन, मग गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, नाहीतर चप्पल लाइनला एक फेरी, आणि एसटी गाठायच्या आधी स्टुडिओत दोघांचा एक फोटो. परगावच्या जोडप्याने इथे येऊन पैसे मोजून फोटो काढून घेणं हे इन्स्टाग्रामने आणलेलं नाही. आमचं घर त्याच्यावर चाललं, बहिणींची लग्नं त्याच्यावर झाली.

स्टुडिओत लोकेशन एकच. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं, तळ्यावर चंद्र, बाजूला कमान. डाव्या हाताला उंच तिवईवर फुलदाणी. भिंतीला खुंटीवर आरसा, खालच्या फळीवर कंगवा आणि पावडरचा डबा. कॅमेऱ्यात एकशेवीसचा रोल, त्यात बारा फोटो, म्हणून एका जोडप्याला फार तर दोन एक्स्पोजर. जोतिबाचा गुलाल कपाळावर तसाच असायचा. नवरा रुमाल काढून पुसायला लागला की वडील म्हणायचे, "राहू दे पाव्हणं, देवाचा हाय." काळ्या-पांढऱ्या फोटोत तो नुसता करडा दिसायचा, तरी पुसू द्यायचे नाहीत.

आणि लगेच फोटो काढायचे नाहीत. आधी दहा-पंधरा मिनिटं बोलत बसायचे. गाव कुठलं, शेती किती, डोंगरावर ऊन लागलं का, जेवला कुठं, रस्सा तिखट लागला का. ज्या दोघांनी लग्नाआधी एकमेकांशी चार वाक्यं बोललेली नसायची, ती त्या पडद्यासमोर हातभर अंतर ठेवून उभी राहायची. बोलण्याबोलण्यात ते अंतर कमी व्हायचं. खांद्याला खांदा लागला की वडील उठून कॅमेऱ्यामागे जायचे. मी सातवी-आठवीत असल्यापासून लाइट धरायला उभा असायचो, त्यामुळे हे शेकडो वेळा जवळून पाहिलंय.

पडद्याचं सांगायचं तर हे गावच पडदे रंगवणाऱ्यांचं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर संगीत नाटकांचे पडदे रंगवत होते. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी पुढे स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली त्या कॅमेऱ्याने काढलेला पहिला चित्रपट लोकांपुढे आणला. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी इथेच उभी राहिली, १९३३ला पुण्याला गेली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. बाहेरून येणारी जोडपी त्याच्या शेजारून रिक्षाने निघून जातात. मला आतून वाटतं की इतका मोठा वारसा असलेल्या गावात फोटो काढायचा तर रीलमधला लांब शेपटाचा भाड्याचा गाऊन आणि रंगीत धुराच्या कांड्या इथे आणू नयेत. त्या कुठल्याही गावात तशाच दिसतात. नेसायचीच असेल तर आपल्या कपाटातली साडी नेसा.

आता माझी चूक सांगतो. २०१८ साली मुंबईचं एक जोडपं आलं होतं. पाच लोकेशन, चार वेळा कपडे बदलायचे, सगळं मीच ठरवून दिलेलं. पहाटे घाट, मग न्यू पॅलेसच्या बाहेर, मग जोतिबा. मुलीने आदल्या दिवशी नवी कोल्हापुरी घेतली होती आणि फोटोसाठी तीच घातली होती. नवी कोल्हापुरी चावते, तेल लावून चार दिवस घरात वापरल्याशिवाय पायात बसत नाही. हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं आणि मी तिला सांगितलं नाही. पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशी पोचेपर्यंत तिच्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या. चप्पल हातात, पाय तापलेल्या फरशीवर, आणि मी म्हणतोय, "वहिनी, जरा हसा." संध्याकाळी रंकाळ्यावर आलो तेव्हा दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मी चारशेच्या वर फोटो दिले. अल्बमसाठी त्यांनी निवडले अकरा, आणि ते सगळे सकाळच्या घाटावरचे, टाचा सोलायच्या आधीचे. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर मी पॅकेज बंद केलं.

एकच जागा घ्यायची तर कुठली? ते उजेडावर ठरतं. सगळ्यांना रंकाळ्यावर संध्याकाळ हवी असते, कारण सूर्य पाण्यापलीकडे मावळतो. पण चौपाटीवर तळ्याकडे पाठ करून उभं राहिलं की सूर्य पाठीमागे येतो. आकाश सोन्यासारखं येतं आणि चेहरे काळे. मग रिफ्लेक्टर धरा, फ्लॅश मारा, आणि भोवती फिरायला आलेलं अर्धं शहर. तीच जागा सकाळी साडेसहा-सातला घ्या. ऊन शहराच्या बाजूने येतं आणि सरळ तोंडावर पडतं, मागे पाणी शांत असतं, चालायला आलेल्यांशिवाय कुणी नसतं. आणि ती माणसं प्रेमळ असतात. थांबतात, बघतात, एखादी आजी सांगून जाते, "दाजी, जरा जवळ सरका की!" त्या एका वाक्याने जे हसू येतं ते माझ्या सांगण्याने कधी येत नाही.

मला विचाराल तर मी पंचगंगा घाट देईन, थंडीतली सकाळ. नदीवर धुकं असतं. ऊन शहराच्या बाजूने येत असल्याने पायऱ्यांवर उतरायला वेळ लागतो, तोवर सगळीकडे मऊ उजेड. पावसाळ्यात मात्र हा बेत करू नका, घाटावरची देवळंच पाण्यात असतात. हाताशी आणखी एक दिवस असेल तर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. शहरापासून लांब आहे, जायला-यायला अर्धा दिवस जातो, पण स्वर्गमंडपाच्या मधोमध छताला जो गोल झरोका आहे त्यातून खाली उतरणारा उजेड मला दुसऱ्या कुठल्या इमारतीत मिळाला नाही. भोवती अठ्ठेचाळीस खांब. तिथे शिल्पांवर चढून, हत्तींना टेकून फोटो मागू नका, कोणी मागितला तर मी काढत नाही. संरक्षित स्मारकात साध्या कॅमेऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, ट्रायपॉड, लाइट किंवा ड्रोन असेल तर परवानगी लागते. अंबाबाईच्या देवळात आत कॅमेरा काढायचाच नाही, आणि न्यू पॅलेसच्या म्युझियममध्येही नाही. जोतिबावर रविवारी गर्दी असते आणि गुलाल इतका बारीक की लेन्सच्या फटीत जातो. तिथे फोटो काढायचाच तर मोबाइलवर काढा, आणि मनसोक्त गुलाल उधळा.

बुकिंग करताना लोक फक्त पैसे विचारतात. त्याआधी फोन करा आणि त्या माणसाशी पाच मिनिटं बोला. तुमचं ऐकतो का स्वतःचंच सांगत सुटतो, हे लगेच कळतं. पेजवरचे निवडक दहा फोटो बघून ठरवू नका, एखाद्या जोडप्याचं पूर्ण शूट दाखवायला सांगा, पहिल्यापासून शेवटच्या फोटोपर्यंत. प्रत्यक्ष कॅमेरा धरणारा तोच आहे का ऐनवेळी दुसऱ्या मुलाला पाठवणार, हेही विचारा. एका जोडप्याने मला सांगितलं होतं की ऑनलाइन आगाऊ पैसे घेऊन त्यांच्याकडे भलताच माणूस आला आणि फोटो यायला तीन महिने लागले. तास किती, एडिट केलेले फोटो किती आणि कोणत्या तारखेला, मूळ फाइली मिळणार का, पाऊस आला तर दिवस बदलून मिळेल का, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आणि एक गोष्ट जवळजवळ कोणीच विचारत नाही: आमचे फोटो तुमच्या पेजवर टाकणार का? नको असेल तर स्पष्ट नको म्हणा. दोघांमधला एखादा क्षण जगाला दाखवायचा की नाही हे त्या दोघांनीच ठरवायचं, फोटोग्राफरने नाही.

मागच्या डिसेंबरात परभणीकडचे एक काका-काकू आले होते. मुलीने परस्पर बुकिंग केलेलं, त्यामुळे दोघंही अवघडलेले. काका म्हणाले, "आता या वयात कशाला?" मी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि घाटावर शेजारी बसून गप्पा मारत राहिलो. काकूंनी हिरवी इरकल नेसली होती. पायऱ्या दवाने ओल्या होत्या. काका कापसाच्या भावाबद्दल तावातावाने बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनी काकूंच्या पदराचं टोक ओल्या दगडावरून उचललं, पाणी झटकलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं. बोलणं कापसाचंच चालू. काकूंचंही तिकडे लक्ष नव्हतं, त्या नदीकडे बघत होत्या. मी हळूच कॅमेरा काढला. पुढच्या तासाभरात साठ-सत्तर फोटो झाले, पण त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लागलाय तो हाच. पाच ठिकाणी पळवलं असतं तर हा क्षण मला दिसलाच नसता. आणि पन्नाशी-साठीच्या जोडप्यांनो, तुम्ही जरूर या. तुमच्या सहलींच्या फोटोंत एक जण दिसतो आणि दुसऱ्याच्या हातात मोबाइल असतो. दोघांचा एकत्र फोटो शोधायला गेलं की लग्नाच्या अल्बमपर्यंत मागे जावं लागतं.

प्रिंट मात्र काढा. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले यांच्या नावाच्या इथल्या नाट्यगृहाला आग लागली, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या आठवड्यात मला तीन जुन्या जोडप्यांचे फोन आले, नाट्यगृहासमोर काढलेला फोटो आहे का विचारायला. त्यांच्या फोनमधून तो कधीच गेला होता. दोघांचे माझ्या हार्ड डिस्कवर सापडले. तिसऱ्याचा नाही सापडला.

वडिलांच्या काळी परगावच्या जोडप्यांचे फोटो पोस्टाने जायचे. रजिस्टरमध्ये नाव, गाव, तालुका लिहून घ्यायचे, टपालखर्च आगाऊ घ्यायचे, आठ-दहा दिवसांत जाड पुठ्ठा घालून पाकीट रवाना. काही पाकिटं परत यायची. वर पोस्टमनचा शेरा, 'पत्ता अपुरा'. वडिलांनी एकही टाकून दिलं नाही. स्टुडिओ बंद केला तेव्हा लोखंडी कपाटात अशी एकतीस पाकिटं निघाली, ती आता माझ्याकडे आहेत. १९७६ ते १९९१ मधली. नावं इथे लिहीत नाही. पण तुमचे आईवडील लग्नानंतर कोल्हापूरला दर्शनाला आले असतील, महाद्वारजवळ माडीवरच्या स्टुडिओत त्यांनी फोटो काढला असेल, मागे तळं आणि चंद्र होता, डाव्या हाताला फुलदाणी होती आणि फोटो घरी पोचलाच नाही असं त्यांनी कधी बोलून दाखवलं असेल, तर मला मेसेज करा. गाव आणि साल सांगा. रजिस्टर माझ्याकडे आहे, मी बघून सांगतो.