स्टेंट बसला, आता गोळ्या कशाला?

सध्या एक मेसेज फिरतोय. आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दोघा-तिघांनी मोबाइल पुढे करून तो मला वाचायला लावला. सार असं: अटॅकनंतर स्टेंट बसला की ब्लॉकेज संपलं, सरकारी योजनेत सगळं फुकट होतं, नंतरच्या गोळ्या आणि पुन्हा अ‍ॅडमिट करणं हा हॉस्पिटलचा धंदा, तीन महिन्यांनी गोळ्या सोडा, लसूण-आल्याचा काढा घ्या.

ब्लॉकेज संपलं म्हणजे काय, तर जिथे स्टेंट बसला तेवढी जागा मोकळी झाली. बाकीच्या रक्तवाहिन्या होत्या तशाच आहेत. अटॅकमध्ये हृदयाचा जो स्नायू मेला तोही परत येत नाही. टूडी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात आला की घरचे आधी ‘पंपिंग किती?’, म्हणजे हृदय रक्त किती जोराने ढकलतंय, हे विचारतात ते काय उगाच?

आता गोळ्या. स्टेंट ही शेवटी धातूची जाळी. तिच्यावर आतून अस्तर धरेपर्यंत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, आणि तशी झाली की थेट दुसरा अटॅक. म्हणून अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकॅग्रेलॉर, साधारण 12 महिने. रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर हा काळ कमीही करतात, पण ते त्यांनी ठरवायचं. टिकॅग्रेलॉर दिवसातून दोनदा असते. महिनाअखेरीला लोक येतात, स्ट्रिप कापून पाचच गोळ्या मागतात. ‘सकाळची घेतो, रात्रीची राहू द्या.’ अशा वेळी डॉक्टरांना सरळ सांगावं की परवडत नाही. स्वस्त पर्याय बसत असेल तर ते लिहून देतात. जनऔषधी केंद्रातही यातली बरीच औषधं कमी दरात मिळतात.

पुन्हा अ‍ॅडमिट करण्यात लबाडी होतच नाही, असं मी म्हणणार नाही. पण पंपिंग कमी असलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतं, धाप लागते; कुणाचे ठोके बिघडतात, कुणाला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीच रक्तस्राव होतो. अमेरिकेत तर अटॅकच्या पेशंटना 30 दिवसांत प्रमाणाबाहेर परत दाखल करावं लागलं, तर 2012पासून मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, त्या हॉस्पिटलचे पैसे कापतं. म्हणजे तिथे हा धंदा तोट्याचा. आपल्याकडे डिस्चार्जच्या गडबडीत मीठ किती, वजन का करायचं, हे धड कुणी सांगत नाही. पंपिंग कमी असताना दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, पाय सुजले, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नसते. लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

‘योजनेत सगळं फुकट’ हे अर्धं खरं. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि योजनेतल्या हॉस्पिटलात अँजिओप्लास्टी कॅशलेस होते. पण डिस्चार्जनंतरची औषधं थोड्याच दिवसांची. पुढे महिन्यामागून महिना खिशातूनच. पाठपुराव्याचं पॅकेज लागू आहे का, हे घरी निघण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारून घ्या. स्टेंटच्या किमतीवर सरकारने 2017च्या फेब्रुवारीत मर्यादा घातली, औषध लावलेला स्टेंट तेव्हा 29,600 रुपयांवर आला. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या मुलाचा खाडा यांना मात्र कुठलंच पॅकेज नाही.

राहिला काढा. लसूण आमटीत घाला, चांगली लागते. क्लोपिडोग्रेलचं काम ती करत नाही.