पदराआडचा गाल

आज दुपारी डबा खाताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "अहो, नोमा हा भुकेचा रोग आहे, त्यात जंतू कसले शोधत बसायचे?" डबा अर्धा टाकून मी उठले. नोमा म्हणजे कुपोषित लहान मुलांच्या हिरडीपासून सुरू होऊन चेहरा कुजवत नेणारा रोग.

इंटर्नशिपमध्ये असताना एका आदिवासी पाड्यावरच्या शिबिरात एक बाई आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा गाल पदराने झाकून बसली होती. पदर बाजूला केला तेव्हा आधी वास आला, मग राखाडी पडलेली हिरडी दिसली. गोवर उठून गेल्याला पंधरा दिवस झाले होते.

ही नोमाची पहिली पायरी. येथेच न थांबल्यास कोथ, म्हणजे मांसाची सड, काही दिवसांत गाल आणि जबड्याचे हाड खातो, आणि उपचाराविना शंभरांतील नव्वदांपर्यंत मुले दगावतात. नायजेरियात सोकोटोला यासाठी १९९९ पासून स्वतंत्र रुग्णालय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादीत यायला मात्र डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. वाचलेल्या मुलांचा जबडा आखडतो, घास तोंडात जात नाही, आणि घरचेच त्यांना लपवतात. पुन्हा पदरच!

युरोपातून हा रोग प्रतिजैविके येण्याआधीच, पोटभर अन्नामुळे, हटला आणि नाझी छळछावण्यांत उपासमारीबरोबर परतला, हे मान्य. म्हणून काय सोकोटोतील मुलाने देशाची गरिबी हटेपर्यंत गाल सांभाळून ठेवायचा?

एकच गुन्हेगार सापडत नाही, हीच यातली गोम आहे. वर्षानुवर्षे संशय फ्युसोबॅक्टेरियम या तोंडातल्या जंतूवर होता. नायजेरियाशेजारच्या नायजर देशातील अभ्यासात ते उलट कमी भरले आणि प्रिव्होटेला इंटरमीडिया हा दुसराच जंतू वाढलेला निघाला. अलीकडे वायव्य नायजेरियातील रुग्ण मुलांच्या तोंडातील नमुन्यांचा सगळा डीएनए वाचला, तेव्हा ट्रेपोनेमा या मळसूत्री जंतूची आजवर नोंद नसलेली एक जात पुढे आली. ट्रेपोनेमा प्रयोगशाळेत वाढवणे महाकठीण, त्यामुळे जुन्या पद्धतीने ती हाती लागणे अवघडच होते. ती रोग घडवते की कुजलेल्या जागी मागाहून वस्तीला येते, हे ठरायचे आहे. पण ठरले, तर हिरडी राखाडी होण्याआधीच धोका ओळखता येईल.

आमचे सहकारी तसे वाईट नाहीत. त्यांनी ती हिरडी पाहिलेली नाही, एवढेच. मी पाहिली, आणि मेट्रोनिडाझोल-अमॉक्सिसिलीन या साध्या प्रतिजैविकांनी, मिठाच्या पाण्याच्या चुळांनी आणि रोजच्या अंडी-दुधाने ती भरून येतानाही पाहिली. आठव्या दिवशी ती माउली परत आली तेव्हा पदर खांद्यावर होता, आणि पोरगी माझ्या टेबलावरची बिस्किटे मागत होती.