पेट्या गुंडाळायला हा काय काश्मीर आहे?

डिसेंबर लागला की ‘थंडीत मधमाश्या वाचवण्याचे रामबाण उपाय’ हा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो केज तालुक्यातल्या माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि गडी मधमाश्यांच्या पेट्यांसाठी थेट प्लास्टिक घेऊनच आला. “मामा, पेट्या आजच गुंडाळू ना?” मेसेजचं म्हणणं असं: मधमाश्या हिवाळाभर झोपतात, म्हणून पेटी प्लास्टिकनं बांधा, दार बुजवा, फेब्रुवारीपर्यंत उघडू नका, गुळाचं पाणी नाहीतर दुकानातला मध पाजा आणि रात्री पेटीखाली शेकोटी करा.

झोपतात कुठल्या? पारा 14-15 अंशांखाली गेला की माश्या एकमेकींना बिलगून गोळा बनवतात, मध खातात आणि उडायचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात. अंडी-अळ्या असतील तिथं 34-35 अंश राखतात. कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस सीली यांनी अमेरिकेतल्या आर्नॉटच्या जंगलात झाडांच्या ढोलीतल्या मधमाश्यांच्या वसाहती वर्षानुवर्षं अभ्यासल्या. तिथं बर्फ पडतो. तरी पुरेसा मध साठवलेल्या वसाहती माणसाचा हात न लागता हिवाळा काढतात. आणि आपल्या गावात पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ उघड्यावर लटकलेलं असतं, त्याला कोण गोधडी घालतं?

आता ते प्लास्टिक. माश्या मध जाळतात त्यातून वाफ निघते. तिला वाट मिळाली नाही की ती झाकणाच्या आतल्या बाजूला धरते आणि थेंब थेंब खालच्या माश्यांवर पडते. कोरडी माशी थंडी काढते, भिजलेली मरते. बरं, हे रात्रीचं झालं. परभणी-बीडकडं जानेवारीत दुपारी पारा 28-30 वर असतो. दार बुजवलेल्या, प्लास्टिकमधल्या पेटीत त्या उन्हात काय होईल? पोळी मऊ पडून फ्रेममधून, म्हणजे पेटीतल्या लाकडी चौकटीतून, सुटतील, माश्या गुदमरतील. शिवाय त्यांना पाणी आणायला, हगायला बाहेर जावं लागतं. हा उपाय लिहिणाऱ्यानं पेटी उघडून कधी नाक तरी घातलंय का?

मेसेजमध्ये तथ्य एवढंच: कडक थंडीत कमजोर वसाहतीचं दार लहान करावं आणि रिकाम्या फ्रेम काढून जागा आटोपशीर ठेवावी. लहान करावं म्हणतोय मी, बंद नव्हे.

गुळानं माश्यांना जुलाब होतात. दुकानातल्या मधातून अळ्या सडवणारा रोग येऊ शकतो. पेटी उचलून हलकीच लागली, म्हणजे आत मध कमी असला, तर दोन भाग साखर, एक भाग पाणी, संध्याकाळी पेटीच्या आत द्या, सांडू नका, नाहीतर शेजारच्या पेट्या लुटायला येतात. शेकोटीबद्दल काय बोलावं! पेटी लाकडाची आहे.

मुळात हिवाळा हा आपल्याकडं सुगीचा काळ. तुरीचा फुलोरा संपतो न संपतो तोच कोथिंबीर, मग करडई, मग बियाण्याचा कांदा. वसाहती खंगतात त्या एप्रिल ते जून आणि भर पावसात. हिवाळ्यात भीती असेल तर ती फुलावरच्या तुरीवर घाटेअळीसाठी दुपारी होणाऱ्या फवारणीची. बांधाशेजारच्याला आधीच फोन करा, फवारणी माश्या परतल्यावर, सांजेला करायला सांगा. तो ऐकणार नसेल तर आदल्या रात्री पेट्या लांब हलवा.