एडीएचडी आणि फॅमिली डॉक्टर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय, "फॅमिली डॉक्टर दहा मिनिटांत एडीएचडी ठरवायला लागले, तर वर्गातलं प्रत्येक दंगेखोर पोरगं गोळीवर जाईल. हे काम मानसोपचारतज्ज्ञांचंच."

एडीएचडी म्हणजे लक्ष न लागण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार. दहा मिनिटांत त्याचं निदान होत नाही, हे शंभर टक्के मान्य. पहिल्या भेटीत होतात त्या फक्त चौकशी, कान-डोळ्यांची तपासणी, उंची, वजन, रक्तदाब, नाडी. जाताना व्हँडरबिल्टचे, म्हणजे लक्षणं मोजायच्या प्रश्नावलीचे, दोन फॉर्म द्यायचे, एक पालकांना, एक वर्गशिक्षकांना. लक्ष न लागण्याची ९ आणि चंचलतेची ९ लक्षणं. प्रत्येकाला ० ते ३ गुण, त्यात २ किंवा ३ मिळाले तरच लक्षण धरायचं. कुठल्याही एका गटात ९ पैकी ६ हवीत, शिवाय अभ्यासात किंवा वागण्यात खरी अडचण हवी. लक्षणं घरी आणि शाळेतही, कमीत कमी ६ महिने, आणि सुरुवात वयाच्या १२ वर्षांआधी (२०१३ पर्यंत ही अट ७ वर्षांची होती).

घोळ होतो तो शिक्षकांच्या फॉर्मपाशी. तो परत येतच नाही, नाहीतर दोन्ही फॉर्म आईच भरून देते. तो हातात नसेल तर थांबायचं, मग पालक कितीही घाई करोत. वर्गात वयानं सगळ्यात लहान, म्हणजे आपल्याकडे डिसेंबरात जन्मलेलं पोर नुसतं लहान असल्यामुळंही चंचल वाटतं. घोरणारं, तोंडानं श्वास घेणारं पोर झोप अपुरी म्हणून चिडचिडं असतं. मधेच काही सेकंद हरवणाऱ्याला तीन मिनिटं भिरभिरं फुंकायला लावा. तेवढ्यात टक लावून गप्प झालं, तर ती फिट असू शकते. आधी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी.

तज्ज्ञांबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत निदान आणि औषधाची सुरुवात तज्ज्ञांकडेच आहे, डोस बसल्यावर पुढचं फॅमिली डॉक्टरांकडे. अमेरिकेत मात्र ४ ते १८ वयाचं निदान प्राथमिक डॉक्टरही करतात. कोल्हापूरसाठी मला ब्रिटिश पद्धत पटते. पण चंदगडच्या माणसानं दर महिन्याला नुसत्या वजन-रक्तदाबासाठी शंभरावर किलोमीटर यायचं, रोजगार बुडवायचा, हे चालणार नाही.

आणि गोळी इतकी सहज मिळत नाही हो. एडीएचडीवरचं नेहमीचं औषध मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचं प्रशिक्षण, औषध नंतर. त्याहून मोठ्या मुलांत मिथाइलफेनिडेटची साधी गोळी सहसा ५ मिलिग्रॅमनं सुरू होते आणि आठवड्याआठवड्यानं वाढवतात. पहिल्या डोसावरच "काही फरक नाही" म्हणून बंद करणारे पुष्कळ. संध्याकाळी दिली की झोप उडते. भूक मंदावते, डबा भरलेलाच परत येतो, म्हणून गोळीआधी पोटभर नाष्टा आणि रात्रीचं जेवण भक्कम. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध घेणाऱ्यांना तर पूर्ण परिणामासाठी ४ ते ६ आठवडे थांबावंच लागतं.

तुमच्या ओळखीत कुणी शिक्षक असतील तर एक सांगा : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे. शंका असलेल्या मुलाचं नाव त्या दिवशी आवर्जून द्यावं.