सकाळी एक गमछा, संध्याकाळी दुसरा

पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार, आम्हाला नगरसेवकच नव्हता. ड्रेनेज तुंबलं की क्षेत्रीय कार्यालयात मीच खेटे घालायचे. आणि निवडणूक लागल्याबरोबर हे सगळे इच्छुक उमेदवार उगवतात कुठून? सकाळी एका पक्षाचा गमछा, एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, हुकला की संध्याकाळी दुसऱ्याचा! पंधरा वर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ता दारात ताटकळतो, उमेदवारी काल आलेल्याला. त्यात प्रभागात चार नगरसेवक, म्हणजे तक्रार नेली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. संताप येतो हो! आमच्या गल्लीतल्या चेंबरचं फुटलेलं झाकण अजून तसंच आहे. कुणी पडू नये म्हणून आम्हीच त्यात झाडाची फांदी खोचून ठेवलीय.