किल्ली खिशातच ठेवा, अध्यक्ष!

अभिनंदन, अध्यक्षसाहेब! गल्लीच्या गणेश मंडळाचं पद मिळालं म्हणजे नेतृत्व करणं आलंच. ते कसं करायचं, याचे म्हणे पुण्यामुंबईत हजारो रुपये घेऊन क्लास चालतात. आपण सांगलीकर, भडंगाच्या एका पुड्यावर भागवू.

आधी मीटिंग बोलवा. लोकशाही दिसली पाहिजे. "बोला मंडळी, यंदा मूर्ती केवढी आणायची?" असं मोकळेपणानं विचारा आणि मंडळी बोलत असताना मान हलवत भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून खा. कुणी म्हणेल पाच फुटी, कुणी म्हणेल वर्गणी बघून ठरवू. पाऊण तास होऊ द्या. मग मोबाईल काढून मूर्तिकाराला ॲडव्हान्स दिल्याची पावती दाखवा. "सगळ्यांच्या मनात अकरा फुटीच होती, म्हणून सांगून टाकली." याला सर्वानुमते म्हणतात. इतिवृत्तात तसंच लिहायचं.

कुर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांचा नेतृत्वावरचा एक अभ्यास १९३९ साली छापून आला. अमेरिकेत आयोवातल्या शाळकरी पोरांचे गट करून त्यांना मुखवटे वगैरे बनवायला बसवलं होतं. एक म्होरक्या हुकूम सोडणारा, एक पोरांना विचारून ठरवणारा, एक 'करा तुम्हाला काय करायचं ते' म्हणून गप्प बसणारा. हुकूमवाला खोलीबाहेर गेला की त्याच्या पोरांचं काम थंडावायचं. विचारून चालणाऱ्याच्या पोरांचं चालूच राहायचं. यावरून शहाण्या लोकांनी दुसऱ्याला चांगला ठरवलं! अहो, तुमच्या माघारी काम चालू राहिलं, तर फ्लेक्सवर तुमचा फोटो कशाला?

लांब कशाला जायचं, आपल्याच भागात असला धोकादायक प्रकार घडून गेलाय. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४३ पासून तिथं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. नेता भूमिगत, आज या गावात तर उद्या त्या रानात. आणि इकडं गावोगावची न्यायदान मंडळं आपापली भांडणं मिटवतायत. असा माणूस फ्लेक्सवर कुठं लावणार?

तेव्हा हुकूमवालाच गिरवा. पावतीपुस्तकं तुमच्या कपाटात. ग्रुपवर फक्त ॲडमिननं बोलायचं. जनरेटरची किल्ली तर अंघोळीलासुद्धा सोडू नका. गप्प बसणारा प्रकारही अगदीच टाकाऊ नाही, हिशोबाच्या दिवशी उपयोगी पडतो: "पोरं बघतात की वो ते."

एवढं करूनही घात होतो म्हणा. तुमच्या आधीचे अध्यक्ष, आमचे शेजारी अण्णा, गेल्या साली ऐन गणपतीत दोन दिवस लेकीकडं पुण्याला गेले. किल्ली खिशात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीच्या वेळेला इथली लाईट गेली. बातमी अण्णांपर्यंत पोचली, तसे ते फोन समोर ठेवून बसले. आता येईल, मग येईल. फोन काही आला नाही.

परत आले तर मांडवामागं जनरेटर धडधडतोय. डेकोरेशनमधलं एक पोरगं हात पुसत म्हणालं, "अण्णा, दुसरी किल्ली करून घेतलीय. पन्नास रुपये झाले, तेवढं द्या की."

अण्णांनी पावती मागितली.