बल्गेरियात पेपर काढताय? मग आधी हे वाचा

बल्गेरियात पेपर काढायचा म्हणता? काढा की! खप, वर्गणी, वाचकांची पत्रं असल्या मध्यमवर्गीय काळज्या मात्र सोफियाच्या विमानतळावरच सोडून या.

भांडवल म्हणाल तर आई हवी. चेष्टा नाही. इरेना क्रस्तेवा या बाई एकेकाळी सरकारी लॉटरीच्या प्रमुख होत्या. 2007 पासून त्यांनी एकामागून एक पेपर विकत घेतले, पैसा एका बँकेचा. चिरंजीव देल्यान पेएव्स्की खासदार. 14 जून 2013 ला संसदेने चिरंजीवांना थेट राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या प्रमुखपदी बसवलं. त्याच संध्याकाळी हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि पद सोडावं लागलं. 2014 मध्ये ती बँक बुडाली. 2021 मध्ये अमेरिकेने भ्रष्टाचाराच्या आरोपावरून चिरंजीवांवर निर्बंध घातले. तरी राजकारणातलं वजन रेसभर कमी झालं नाही. बघा, घरात पेपर असला की माणूस कसा तरतो!

जाहिरातदार दुकानदार नसावा, सरकार असावं. मंत्रालयं, नगरपालिका, युरोपीय निधीच्या प्रसिद्धीचा पैसा. कुणी फोन करून काही सांगत नाही. आपण शहाण्यासारखं समजून घ्यायचं.

विरोधकाविरुद्ध पुरावा नसेल तर त्याचा वाईट आलेला फोटो छापा.

टीव्हीवाल्यांनी प्रश्न विचारून दमू नये. 2020 मध्ये पंतप्रधान बोरिसोव स्वतः जीप चालवत फेसबुकवर लाइव्ह यायचे. प्रश्न विचारणारा गाडीत नाहीच. ते जसंच्या तसं दाखवायचं.

रेडिओचं तंत्र जरा अवघड. सिल्व्हिया वेलिकोवा ही सरकारी रेडिओची बाई वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्यांच्या बातम्या देत होती. 2019 मध्ये मुख्य सरकारी वकिलाच्या पदासाठी इव्हान गेशेव हा एकच उमेदवार, त्याच्याविरुद्ध लोक रस्त्यावर, आणि नेमक्या तेव्हाच बाईंना माइकपासून दूर केलं. सहकारी चिडले. मग 13 सप्टेंबरला सकाळी सहा ते अकरा 'होरिझाँट' वाहिनी बंद! अख्ख्या देशाचा रेडिओ, पाच तास, मुका. कारण काय, तर तांत्रिक देखभाल. सकाळच्या बातम्यांच्या वेळेला देखभाल! कुणाला सांगता? महासंचालकांना पुढच्याच महिन्यात घरी पाठवलं, हे खरं. पण गेशेव डिसेंबरमध्ये खुर्चीत बसलेच ना?

राशिभविष्य चुकवू नका.

आणि बातमी स्वतः लिहू नका, उचला. माझी भाची प्लेव्हेनला मेडिकलला आहे. तिथे पाण्याची बोंब. परवा फोनवर म्हणाली, "मामा, नळ किती वाजता सुरू होणार ते बघ ना, मला बल्गेरियन नीट वाचता येत नाही." उघडीन त्या साइटवर तोच मजकूर, स्वल्पविरामाची चूकसुद्धा तीच. मंत्री काय म्हणाले, आहे. महापौरांवर कोण घसरलं, आहे. गुडघेदुखीचं मलम, आहे. नळ सुटायची वेळ मात्र नाही!

अहो, लाज कशी वाटत नाही? 2006 मध्ये वृत्तस्वातंत्र्याच्या जागतिक यादीत हा देश 35वा होता, 2018 मध्ये 111वा. युरोपीय संघात आल्यानंतर! रस्त्यात मार खाऊन, खटले झेलून बातमी आणणारे पत्रकार याच देशात आहेत. त्यांच्याच धंद्यात बसून तुम्ही मालकाच्या शत्रूंची धुणी धुता. मालकाची चाकरी करायची तर खुशाल करा, पण मग छातीवर पत्रकाराचं ओळखपत्र लावून फिरू नका. आणि निदान एका माणसाला फोन करून पाणी कधी येणार ते विचारा. तेवढ्याने कुठला मालक रागावतो?